हा रिपोर्ट नक्की कोणत्या डोसचा?

“गोळी सुरू करून महिना झाला, मग अजून बरं का वाटत नाही?” थायरॉइड कमी असल्याचं निदान झालेल्यांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. थकवा, उदासी, चिडचिड यांसाठी माणसं समुपदेशनाला येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हळूच कळतं, की डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करणं चालू आहे. त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

तिशी ओलांडलेली, सगळं नेटकं ठेवणारी बाई. निदानाच्या वेळी टीएसएच 18 होता (रक्तातला हा आकडा जितका जास्त, तितका थायरॉइड कमी पडतोय) आणि डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची उणीव भरून काढणारी गोळी, 50 मायक्रोग्रॅम सुरू केली होती. पहिल्याच भेटीत तिने एक वही पुढे ठेवली. रोजचं वजन, रोजची नाडी, कंगव्यात आलेले केस, सकाळी उठताना वाटलेला थकवा दहापैकी किती, सगळं त्यात होतं.

“दहा आठवडे झाले, मॅडम. टीएसएच 11 वर अडकलाय. आता डॉक्टर डोस वाढवणार. पण मला आता बरं वाटायलाच हवं.”

ते शेवटचं वाक्य मी कागदावर लिहिलं आणि ‘वाटायलाच’मधल्या ‘च’भोवती गोल काढला. तिला तेव्हा तो गोल आवडला नाही. मीही तिथे थांबले नाही, वहीकडे वळले.

“या दहा आठवड्यांत गोळी कधी, किती घेतली, ते या वहीत नाहीये. तेवढं आठवून लिहाल?”

लिहायला तिला वीस मिनिटं लागली. तिसऱ्या आठवड्यात फरक वाटेना म्हणून दीड गोळी. पाचव्या आठवड्यात धडधड झाली म्हणून पुन्हा एक. आठव्या आठवड्यात ‘गोळीनेच त्रास होतोय का बघू’ म्हणून पाच दिवस बंद. मग पुन्हा सुरू आणि दहाव्या आठवड्यात रक्ततपासणी.

“मग हा 11 चा रिपोर्ट नक्की कोणत्या डोसचा?”

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “कोणत्याच नाही. आणि डॉक्टरांना वाटतंय, हा पन्नासचा आहे.”

इतक्या वर्षांच्या कामात मला पटलेली गोष्ट अशी, की माणूस उपदेशाने बदलत नाही, स्वतःच्या हातची नोंद एका नजरेत दिसली की बदलतो. तिला गोळीवर विश्वास नव्हता असं मला आधी वाटलं होतं. खरं तर तिचा विश्वास फार होता. प्रत्येक गोळीने त्याच दिवशी उत्तर द्यावं, असा तिचा आग्रह होता, आणि हे औषध तसं वागूच शकत नाही.

का, ते समजून घेतलं की वाट पाहणं पुष्कळ सोपं होतं. लेव्होथायरॉक्सिन शरीरातून निम्मं कमी व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर त्याचा परिणाम पहिल्या आठवड्यात निम्मा, दुसऱ्यात पाऊण, असा चढत पाच-सहा आठवड्यांनी जवळपास पूर्ण होतो. टीएसएच मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि तो त्याच्याही मागून स्थिरावतो. म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी सांगतात. मध्येच डोस बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

शरीर तर आणखी सावकाश चालतं. बद्धकोष्ठता, थंडी वाजणं, झोपाळलेपण काही आठवड्यांत हलू लागतं. कोरडी त्वचा आणि केसगळतीला काही महिने लागतात, कारण आज कंगव्यात आलेला केस गळायचं दोन-तीन महिन्यांपूर्वीच ठरलेलं असतं. वजन उतरतं ते थोडं आणि बरंचसं साठलेल्या पाण्याचं. सगळं वाढलेलं वजन गोळीने जाईल या आशेवर डोस वाढवणं धोक्याचं आहे. जास्त डोसने झोप उडते, हात थरथरतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पुढे हाडंही ठिसूळ होतात.

दुसरी गडबड तिच्या सकाळच्या घाईत सापडली. गोळी चहाबरोबर आणि लगेच नाश्त्यानंतर कॅल्शियम. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं, चहा-कॉफी आणि नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर, कारण त्या आतड्यात या औषधाला चिकटतात आणि ते शोषलं जात नाही. आम्लपित्ताची औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. तपासणीच्या सकाळी रक्त देऊन मग गोळी घेतलेली बरी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते किमान दोन दिवस आधी थांबवावं, नाहीतर आकडे खोटे येऊ शकतात.

तिने डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते सांगायला काय लागलं, हे तिलाच ठाऊक. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, 50 च ठेवला आणि सहा आठवड्यांनी यायला सांगितलं. आमच्या भेटींतलं काम त्या सहा आठवड्यांचं होतं. रोजची वही बंद, फक्त रविवारी चार ओळी. थकवा आला की ‘डोस कमी पडतोय’ याऐवजी ‘अजून तिसरा आठवडा आहे’ असं स्वतःला म्हणायचं. आणि तो ‘च’ काढून वाक्य पुन्हा लिहायचं: मला बरं वाटावं असं फार वाटतं, आणि त्याला वेळ लागतोय. दोन्ही वाक्यांत इच्छा तितकीच तीव्र आहे. पण पहिलं वाक्य रात्री जागवतं.

काही बाबतींत मात्र वाट पाहायची नाही. छातीत दुखणं, दम लागणं, ठोके अनियमित होणं, गरोदर असल्याचं कळणं, यांत डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. जगणं नकोसं वाटत असेल, तर टीएसएच कितीही असो, लगेच मदत घ्या. आणि टीएसएच स्थिर होऊनही थकवा राहिला, तर रक्तक्षय, बी-12, झोपेतला श्वासाचा अडथळा आणि नैराश्य तपासून घ्यायला हवं. प्रत्येक थकवा थायरॉइडचा नसतो.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला, 6.8. डॉक्टरांनी डोस 75 केला. मला वाटलं, ती निराश होईल. तिने वही उघडली, वर तारीख लिहिली, आणि पुढच्या सहा रविवारांसमोर रिकाम्या ओळी आखल्या.

“हा आता पन्नासचा खरा रिपोर्ट,” ती म्हणाली.