केर्न्सच्या सहलीत सत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांना रीफवर न्यावे का?

डिसेंबरमध्ये पाच दिवसांसाठी ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला जाताना सासू-सासऱ्यांना ग्रेट बॅरिअर रीफवर, म्हणजे तिथल्या समुद्रातल्या प्रवाळांच्या रांगेवर, न्यावे, की "त्या दिवशी त्यांना हॉटेलातच आराम करू द्यावा", आणि मुक्काम केर्न्सला ठेवावा की पोर्ट डग्लसला, असे आपण विचारले आहे. मुक्कामाचे नंतर सांगते. आरामाबद्दल आधी लिहिते, कारण तोच निर्णय मी २०१४ मध्ये माझ्या वडिलांच्या बाबतीत घेतला आणि तो चुकीचा होता.

बाबा मूळचे मालवणचे, तेव्हा ७३ वर्षांचे. मेलबर्नहून आम्ही त्यांना घेऊन ऑगस्टमध्ये केर्न्सला गेलो होतो. बाबांना भर समुद्रात न्यायचे नाही, बोट लागेल, रक्तदाब वाढेल, तिथे डॉक्टर कुठून आणणार, असे पुण्याहून दादाने फोनवर बजावले आणि मी ते ऐकले. सकाळी आम्ही तिघे बोटीवर चढलो आणि बाबा एस्प्लनेडवरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फिरण्याच्या रस्त्यावरच्या, एका बाकावर बसले. केर्न्स गावाला पुळण नाही. ओहोटीला दूरवर करडा चिखल उघडा पडतो, त्यात पेलिकन आणि लांब चोचींचे पक्षी चरत असतात, कडेला तिवरांची झाडे असतात आणि मगरींच्या भीतीने पाण्यात पाय घालायचीही सोय नसते. म्हणून तर २००३ मध्ये तिथे काठावर पोहण्यासाठी खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधला गेला. संध्याकाळी परतलो तेव्हा बाबा त्याच बाकावर होते. त्यांनी माझ्या मुलाला शेजारी बसवून कोणते मासे दिसले, पाण्याचा रंग कुठे बदलला, तळ दिसत होता का, हे एकेक करून विचारले आणि त्याने सांगितलेले पुन्हा एकदा सांगायला लावले. घरी आल्यावर कपडे धुवायला काढताना त्यांच्या बॅगेत पोहण्याची नवी चड्डी सापडली. दोन वर्षांनी ते गेले.

जुलै २०१९ मध्ये आई आली, तेव्हा दादाने तेच सगळे पुन्हा सांगितले. शिवाय २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले होते, त्या बातम्यांचा दाखला देऊन आता तिथे बघायला उरले काय, असेही त्याने विचारले. या वेळी मी ऐकले नाही. आईचे वय ७१, गुडघे दुखरे, पोहता येत नाही. बाहेरच्या रीफवर जाणाऱ्या मोठ्या बोटींपैकी काही तिथे कायम नांगरलेल्या तराफ्याला लागतात आणि त्या तराफ्यावरून पाण्याखाली काचेच्या खिडक्या असलेली लहान बोट फिरवून आणतात. पायऱ्या उतरून बसले की अंगाला पाणी न लागता प्रवाळ दिसते. आई ती फेरी करून आली आणि म्हणाली, "काचेतून नको गो, माका पाण्यातून बघूचा आसा." मी तिचा रक्तदाब, तिच्या गोळ्या, सगळे आरोग्याच्या फॉर्मवर लिहिले. तिला लायक्राचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या पातळ कापडाचा, अंगभर सूट आणि तरंगण्याचे जाकीट दिले. एक प्रशिक्षक रबरी कडे ओढत पुढे निघाला, आईने ते दोन्ही हातांनी इतके घट्ट धरले होते की बाहीखालची बांगडी वर उमटली होती. पाच मिनिटांनी तिने एक हात सोडला आणि खाली बोट दाखवले. डोके वर काढून ती म्हणाली, "खाली कोणीतरी सुपारी कातरतंय!" मी कान पाण्यात घातले, तर खरोखर कडकड ऐकू येत होती. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडून खातात, त्याचा तो आवाज होता. चावलेल्या प्रवाळाची त्यांच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडते. शेवाळ धरलेले, मेलेले प्रवाळही आम्ही पाहिले, ते नाकारत नाही. पण "उरले काय" हा प्रश्न पुण्यात बसून विचारायचा नव्हता.

वर्षावनासाठी एवढी चर्चाच नको. डोंगरातल्या कुरांडा गावापर्यंत साडेसात किलोमीटर झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या रोपवेच्या पाळण्यात बसावे आणि परत येताना १८९१ पासून चालणारी डोंगरातली रेल्वे धरावी. वयस्कर माणसांना काही जड जात नाही. वर्षावनातल्या मॉसमन गॉर्ज या घळीत फळ्यांची पायवाट आहे. तिथे आईने काटेरी वेत लगेच ओळखला आणि पदर सावरून चालली. हे कुकु यलंजी या तिथल्या मूळनिवासी लोकांचे रान आहे, त्यांच्यातला वाटाड्या मिळाला तर अवश्य घ्यावा.

मुक्काम केर्न्सलाच ठेवा. पोर्ट डग्लस तासाभराच्या अंतरावर आहे, अधिक देखणे आहे, तिथे फोर माइल बीचसारखी लांबलचक पुळण आहे आणि डेनट्रीचे वर्षावन जवळ पडते. पण पाच दिवसांत वृद्धांना दोन हॉटेले करायला लावू नका.

आता डिसेंबरविषयी. नोव्हेंबर ते मे हा घातक जेलीफिशांचा काळ असतो, तेव्हा लायक्राच्या सुटाशिवाय पाण्यात उतरू नये आणि किनाऱ्यावर जाळी लावलेल्या भागातच पोहावे. पाऊस आणि चक्रीवादळेही त्याच दिवसांतली. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळाने त्या भागात मोठा पूर आणला होता. तारखा बदलता येत असतील तर जून ते सप्टेंबर निवडा, मात्र तेव्हा आग्नेयेचे वारे असतात, म्हणून बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी लागते. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, फॉर्मवर काही लपवू नका. डॉक्टरांचे म्हणणे दादाइतकेच कडक निघाले तर ते माना. तरीही केर्न्सहून पाऊण तासावर असलेल्या ग्रीन आयलंडला काचेच्या तळाच्या बोटी असतात, तेवढे जमण्यासारखे आहे.

आणि बुकिंग करण्यापूर्वी सासू-सासऱ्यांना स्वतःला विचारा. बाबांना आम्हा दोघा भावंडांपैकी कोणीही विचारले नव्हते.