वाचक विचारतात: गॅस गीझरला पाइप हवाच का?

प्रश्न (लातूर): आमचं बाथरूम 5 बाय 7 फुटांचं आहे. सहा लिटरचा गॅस गीझर आतच लावलाय, वर एक्झॉस्ट फॅन आहे. प्लंबर म्हणतो, फॅन असला की जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या पाइपचा खर्च कशाला? हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही. हिशोबच मांडू. एवढा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण 800 ग्रॅम एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला 12 ते 13 घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत दीडेक घनमीटरहून जास्त हवा गीझरच खातो. आठ फूट उंची धरली, तर तुमच्या बाथरूममध्ये हवा आहे जेमतेम 8 घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 17 च्या आसपास येतो, आणि मागोमाग दुसरा माणूस त्याच हवेत अंघोळीला जातो. हवा कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, आणि तो ज्योतीत जळून जातो. त्यामुळे ‘वास आला तर कळेलच’ यावर विसंबू नका.

आता फॅन. तो हवा बाहेर फेकतो, पण तेवढी हवा आत यायला खाली वाट लागते. ती नसेल तर फॅन नुसता फिरतो. पाइप लावलेला असेल तर आणखी वाईट, कारण फॅन त्याच पाइपमधून जळालेला वायू उलटा आत ओढतो. शिवाय वीज गेली की फॅन बंद पडतो. गीझर मात्र दोन सेलवर पेटतो, तो चालूच राहतो. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट किरकोळ नाही.

तुमच्याकडे मागे अंगण किंवा उघडी गॅलरी असेल, तर गीझर उचलून बाहेरच्या भिंतीवर लावा. जुना बंब अंगणात असायचा, तसाच. वर छज्जा असावा, ज्योतीवर थेट वारा येऊ नये. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची घ्या; साध्या पीव्हीसीची गरम पाण्याने वाट लागते. लाइन जितकी लांब तितकं सुरुवातीला जास्त गार पाणी सोडावं लागेल, एवढाच तोटा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): फ्लॅटला गॅलरी नाही. पाइप काढायचा तर कोणता, कुठून? सोसायटीच्या डक्टमध्ये सोडला तर चालेल का?

उत्तर: डक्टमध्ये अजिबात नाही. त्या डक्टला सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या आहेत; तुमचा वायू वरच्या मजल्यावर जाईल. बंद केलेली बाल्कनी किंवा फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी हेही ‘बाहेर’ नव्हे.

आधी गीझरच्या डोक्यावर पाइपची कॉलर, म्हणजे पाइप बसवायचं गोल तोंड, आहे का ते पाहा. नसेल तर तो गीझर आत लावण्याचा नाहीच. पत्र्याचं टोपडं करून जुगाड करू नका. जागा नसलेल्या फ्लॅटसाठी आमची पसंती सीलबंद प्रकाराच्या गीझरला. त्यात पाइपात पाइप असतो. बाहेरची हवा एकातून आत येते, जळालेला वायू दुसऱ्यातून जातो, खोलीच्या हवेला हात लागत नाही. किंमत जास्त आहे, पण बंद बाथरूमला तोच योग्य.

साधा कॉलरवाला असेल तर पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), ॲल्युमिनियम किंवा स्टीलचा घ्या. ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि इथला वायू त्याहून बराच गरम असतो. व्यास कॉलरएवढाच, कुठेही कमी करायचा नाही. कॉलरपासून पाइप किमान दोन फूट सरळ वर जाऊ द्या, मग वळवा. आडवा भाग शक्य तितका आखूड, कोपर (वळणाचे जोड) दोनच्या वर नकोत, आणि बाहेरच्या दिशेने मीटरला दोनेक सेंटीमीटर चढ हवा. गरम वायू वर जातो, उतारावरून खाली ढकलला जात नाही. आतच फॅन असलेल्या किंवा सीलबंद गीझरला मात्र बहुधा उलटं, बाहेर किंचित उतार सांगतात, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. तिथे कंपनीचं पुस्तक प्रमाण. भिंतीतल्या भोकात पत्र्याची बाही घालून पाइप त्यातून न्या. बाहेरचं तोंड कोणत्याही खिडकीपासून चार फूट लांब ठेवा आणि त्यावर टोपी बसवा. चिमण्या घरटं करतात, तेव्हा दिवाळीआधी एकदा तोंड तपासा.

साध्या कॉलरवाल्याला पाइप लावला तरी खोलीत हवा यायला हवीच. दाराच्या खालच्या बाजूला 6 बाय 6 इंचांची जाळी, तशीच एक वर. थंडीत वारा येतो म्हणून त्यात कापड कोंबू नका.

शेवटी चाचणी: दार-खिडक्या बंद करा, गीझर पाच मिनिटं चालवा, उदबत्ती गीझरच्या वरच्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर पाइप ओढतोय. बाहेर पसरला तर गीझर बंद. घरातले सगळे फॅन चालू करून पुन्हा पाहा. स्वयंपाकघरातली चिमणीही विसरू नका.

प्रश्न (परभणी): ज्योत पिवळी येते, वर काजळी धरते. बोअरच्या पाण्यामुळे असं होतं का?

उत्तर: थेट नाही. बोअरचे क्षार कॉइलच्या, म्हणजे पाणी तापतं त्या नळीच्या, आत साचतात. त्याने धार बारीक होते, पाणी अचानक उकळतं. काजळी बाहेरच्या पात्यांवर धरते आणि ती वायूची वाट अडवते. म्हणजे थोड्या काजळीने जास्त काजळी, असं चक्र. कारण बहुधा बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं, धूळ, किंवा अपुरी हवा. दुरुस्ती होईपर्यंत वापरू नका, आणि मेकॅनिकला बर्नर व पाती दोन्ही उतरवायला सांगा. नुसतं वरून फुंकून भागत नाही.

प्रश्न (नांदेड): आईला अंघोळीनंतर गरगरलं, डोकं दुखलं. ऑक्सिमीटरवर 98 दिसलं. मग गॅसचा त्रास नसेल ना?

उत्तर: त्या 98 वर जाऊ नका. बोटाचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतो. असं झालं की माणसाला आधी मोकळ्या हवेत न्या, गीझर आणि सिलिंडर बंद करा, 108 ला फोन करा. डॉक्टरांना ‘गॅस गीझर होता’ हे शब्द स्पष्ट सांगा. मग ते रक्ताची योग्य तपासणी करतील आणि ऑक्सिजन लावतील. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. घरात अजून कुणाचं डोकं दुखतंय का तेही विचारा. तो गीझर तपासून घेतल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

प्रश्न (जालना): गॅस डिटेक्टर लावला तर पाइप टाळता येईल?

उत्तर: नाही. शिवाय बाजारात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून मिळतो तो बहुतेक एलपीजी गळतीचा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा मागा आणि बाथरूमच्या वाफेत न लावता दाराबाहेर पॅसेजमध्ये लावा. तोही 50 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग) तासाभरानंतर वाजतो, 300 ला तीन मिनिटांत. गळतीचा वास आला तर स्विचला हात न लावता 1906 वर कळवा, तेही घराबाहेर जाऊन.