ॲस्ट्रोफायटम : जाती की प्रजाती?

प्रश्न : ‘ॲस्ट्रोफायटम ही निवडुंगांची छोटी जात असून तिच्यात पाच-सहा प्रजाती आहेत’ असं वाचनात आलं. जात आणि प्रजाती हे शब्द इथे बरोबर वापरलेत का?

नाही, नेमके उलटे वापरलेत. मराठी वनस्पतिशास्त्रात जीनस, म्हणजे जवळच्या स्पीशीजचा गट, ही प्रजाती आणि त्यातली एकेक स्पीशीज ही जाती. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी चाळा, तिथे मोठ्या गटाकडून लहानाकडे कुल, प्रजाती, जाती अशीच उतरंड दिसेल. हिंदी बातम्यांत मात्र प्रजाति म्हणजे स्पीशीज, आणि भाषांतराच्या घाईत तो शब्द आपल्याकडे जसाच्या तसा उचलला जातो. त्यात ‘प्र’ लागला की काहींना तो पोटभाग वाटतो. पण हा ‘प्र’ दोन्हीकडे नेतो : प्रपौत्र खालच्या पिढीतला, प्रपितामह वरच्या.

मुळात इतका काथ्याकूट कशाला? त्याचं उत्तर ॲस्ट्रोफायटममध्येच आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल लमेर यांनी 1839 साली ही प्रजाती मांडली, कुल कॅक्टेसी. घर ईशान्य आणि मध्य मेक्सिकोतलं. एकच जाती, ॲस्टेरियस, टेक्ससमध्येही आढळते. नर्सरीत ‘बिशप्स कॅप’ म्हणून मिळतो तो मिरिओस्टिग्मा, याच प्रजातीतली आणखी एक जाती. बहुधा पाच धारांचा (म्हणजे उभ्या कडांचा), बिनकाट्यांचा, आणि अंगभर चुना उडाल्यासारखे पांढरे ठिपके. भिंगातून पाहिलं तर ते बारीक केसांचे पुंजके निघतात.

2001 मध्ये मेक्सिकोच्या न्यूव्हो लिऑन राज्यात एक विचित्र निवडुंग सापडला. याला धारा नाहीतच, बोटांसारखे लांब उंचवटे तेवढे सगळीकडे पसरलेले. 2002 मध्ये त्याच्यासाठी डिजिटोस्टिग्मा ही नवी प्रजाती केली गेली आणि जातीला नाव मिळालं कापुट-मेड्युसे, म्हणजे मेड्युसाचं, ग्रीक पुराणातल्या केसांच्या जागी साप असलेल्या स्त्रीचं, डोकं. पण पांढरे ठिपके आणि लाल बुडाची पिवळी फुलं थेट ॲस्ट्रोफायटमची. 2003 मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड हंट यांनी त्याला ॲस्ट्रोफायटममध्ये आणलं. जाती तीच राहिली, प्रजाती बदलली. दोन्ही शब्दांची सरमिसळ केली तर ही साधी घडामोड मराठीत सांगताच येणार नाही.

जातींच्या आकड्यावर एकमत नाही. कोआविलेन्सेला कुणी स्वतंत्र जाती धरतं, कुणी दुसऱ्या जातीचा प्रकार.

आता ‘जात’. बोलताना ‘निवडुंगाची जात’ म्हणायला माझी हरकत नाही. शास्त्रीय लेखनात मात्र एकवचनही ‘जाती’च : ही जाती, या जाती. जपानी शौकिनांनी निवडीतून घडवलेला, दाट पांढऱ्या ठिपक्यांचा ‘सुपर काबुतो’ ना जाती, ना प्रजाती. तो ॲस्टेरियसचा वाण.

तेव्हा तुमचं वाक्य असं लिहा : ‘ॲस्ट्रोफायटम ही निवडुंगांची छोटी प्रजाती असून तिच्यात पाच-सहा जाती आहेत.’