खातं वजा झालं त्याबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचलं. इन्कम टॅक्सचे 6,400 रुपये परत आले आणि खात्यात मात्र 3,426च दिसले, म्हणून तू तडक शाखेत गेलास. तिथे तुला काय काय ऐकून घ्यावं लागलं, तेही तुझ्या आईने फोनवर सांगितलं. आता तू म्हणतोयस, ‘जाऊ दे, तीन हजारांसाठी कोण डोकं लावणार!’ जाऊ देऊ नकोस. पैसे तुझे आहेत, नियम तुझ्या बाजूचा आहे आणि त्यासाठी ना वकील लागतो ना ओळखपाळख.

आधी झालं काय ते समजून घे. ते खातं जुन्या कंपनीतलं सॅलरी अकाउंट. तिथे शून्य शिल्लक चालते ती पगार येत असेपर्यंतच. बऱ्याच बँकांत सलग तीन महिने पगार जमा झाला नाही की खातं साध्या बचत खात्यात बदलतं आणि त्याला मिनिमम बॅलन्सची अट चिकटते. तुझ्या खात्याला महिन्याची सरासरी दहा हजारांची अट लागली. नोकरी सोडताना तू तिथे 448 रुपये ठेवून विसरून गेलास. या वयात दोन नोकऱ्या बदललेल्या जवळजवळ प्रत्येकाचं असं एखादं खातं पडून असतं, त्यात तुझं फार काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता नोंदी बघ. पहिली कपात 236 रुपयांची, ‘डेबिट कार्ड ॲन्युअल फी’. म्हणजे 200 अधिक 18 टक्के जीएसटी. ही रक्कम मिनिमम बॅलन्सच्या दंडात मोडत नाही, तेव्हा तक्रारीत तिला हात लावू नकोस. नको तिथे बोट ठेवलं की बँक त्याच एका मुद्द्याला उत्तर देते आणि बाकीचं गुंडाळून टाकते. 236 गेल्यावर उरले 212. त्यानंतर सलग सहा महिने ‘एएमबी चार्जेस’ (महिन्याची सरासरी शिल्लक न ठेवल्याचा दंड) म्हणून 531 रुपये, म्हणजे 450 अधिक जीएसटी. सहा वेळा 531 म्हणजे 3,186. खात्यात 212च असताना 3,186 कापले, म्हणून शिल्लक उणे 2,974 झाली. परतावा आला तेव्हा बँकेने आधी ते उणे भरून घेतलं आणि राहिलेले 3,426 तुला दाखवले.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2014 रोजी बचत खात्यातल्या मिनिमम बॅलन्सच्या दंडाबद्दल परिपत्रक काढलं, ते 1 एप्रिल 2015 पासून लागू आहे. त्यात म्हटलंय की शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने ग्राहकाला स्पष्ट कळवायचं आणि शिल्लक भरायला किमान महिनाभराची मुदत द्यायची. दंड किती, तर जेवढी शिल्लक कमी पडली त्या प्रमाणात, ठरलेल्या टक्क्याने. आणि तुझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य पुढे आहे: केवळ या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये. तुझं खातं दुसऱ्या कुठल्याही कारणाने उणे झालेलं नाही. म्हणजे वाद कितीही घातला तरी बँकेला फार तर ते 212 रुपये घेता आले असते. 2,974 घेताच आले नसते.

शाखेतला माणूस तुला म्हणाला, ‘मेसेज पाठवला होता, तुम्ही बघितला नाही.’ हे कदाचित खरं असेल. तुझ्या त्या खात्याला जोडलेला नंबर कंपनीच्या सिमचा होता आणि ते सिम तू नोकरी सोडताना परत केलंस. त्यामुळे ‘मला कळवलंच नाही’ या मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नकोस. बँक मेसेज गेल्याची नोंद काढून दाखवेल आणि तू तिथेच अडकशील. कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर कळवलं, एवढं जरूर विचार. पण अर्जाचा कणा उणे शिल्लक हाच ठेव. मेसेज पोचला असो वा नसो, तो मुद्दा हलत नाही.

अर्ज एका पानाचा लिही, मराठीत लिहिलास तरी चालेल. वर खाते क्रमांक, तारीख, शाखाधिकाऱ्यांच्या नावे. मग चार-पाच वाक्यं: ‘माझ्या बचत खात्यात अमुक तारखेला 212 रुपये शिल्लक होती. त्यानंतर मिनिमम बॅलन्सच्या शुल्कापोटी सहा वेळा प्रत्येकी 531 रुपये कापल्याने खाते उणे 2,974 झाले. रिझर्व्ह बँकेच्या 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकानुसार केवळ या शुल्कामुळे बचत खाते उणे करता येत नाही. तरी ही जीएसटी धरून झालेली 2,974 रुपयांची रक्कम माझ्या खात्यात परत जमा करावी. उरलेल्या 212 रुपयांबाबत मला केव्हा व कोणत्या क्रमांकावर पूर्वसूचना दिली आणि शुल्क कोणत्या टक्क्याने आकारले, ते लेखी कळवावे.’ यापलीकडे एक शब्द नको. स्टेटमेंटचं ते पान जोड आणि त्या सहा ओळींवर पेनाने खुणा कर.

दोन प्रती काढ. एक त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. ही पोच घेतल्याशिवाय शाखेतून हलू नकोस. मी आयुष्यभर बँकेच्या आतल्या बाजूला बसले, म्हणून तुला खात्रीने सांगते: काउंटरवर तोंडी केलेली तक्रार संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही. तोच मजकूर कागदावर आला, त्याला आवक क्रमांक पडला, की कुणातरी माणसाला त्याचं उत्तर लिहावं लागतं. पोच द्यायला नकार दिला तर भांडत बसू नकोस. तोच अर्ज बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल कर, शाखेला स्पीड पोस्टने पाठव आणि पावती जपून ठेव.

तू काउंटरवरच्या क्लार्कशी वाद घातलास, पण कापलेले चार्जेस परत फिरवायचा अधिकार त्याच्याकडे नसतोच. तो शाखाधिकाऱ्याकडे असतो, नाहीतर त्याच्या वर. ‘सिस्टीमने कापलेत, आमच्या हातात नाही’ असं तुला म्हणाले ना? सिस्टीमने कापलेलं रिव्हर्स करता येतं, मी स्वतः केलेलं आहे. व्हाउचर पडतं, वरच्याची मंजुरी लागते, त्याच दिवशी पैसे खात्यात येतात.

आता त्या वागणुकीबद्दल. पासबुक काचेखालून तुझ्याकडे भिरकावलं, रांगेतल्या लोकांसमोर ‘चारशे रुपये ठेवायचे तर खाती कशाला उघडता’ असं म्हणाले, आणि वर ‘सिबिल खराब होईल’ (म्हणजे कर्ज देताना बघतात तो पतगुण घसरेल) अशी भीती घातली. हे ऐकून मला खरोखर चीड आली. शाखांत माणसं कमी असतात, एकेका क्लार्कवर विमा विकायचं टार्गेट असतं, दुपारी जेवायला उसंत मिळत नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही खात्यात चारशे आहेत म्हणून माणसाचा पाणउतारा करायचा हक्क कुणालाच मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2014 मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली, तिच्यातला पहिलाच हक्क न्याय्य वागणुकीचा आहे. मला जास्त काळजी वाटते ती तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलाची नाही. पेन्शन काढायला आलेली म्हातारी माणसं, अंगठा उठवणाऱ्या बायका असलं बोलणं ऐकून खाली मान घालून निघून जातात आणि पुन्हा खात्याकडे फिरकत नाहीत. तू तक्रार केलीस तर त्या काउंटरवर त्यांच्याशीही जरा जपून बोललं जाईल.

पण ही तक्रार वेगळ्या कागदावर कर. पैशांच्या अर्जात मिसळलीस तर ‘कर्मचाऱ्यांना समज दिली आहे’ एवढ्या एका ओळीत दोन्ही तक्रारी निकालात निघतील. तारीख, साधारण वेळ, काउंटर क्रमांक आणि जे शब्द उच्चारले गेले ते जसेच्या तसे लिही. ‘उद्धट’, ‘मुजोर’, ‘बेजबाबदार’ ही विशेषणं काढून टाक. वाचणाऱ्याला पासबुक भिरकावलेलं दिसलं पाहिजे, तुझा राग नको दिसायला. सिबिलची धमकी पुन्हा दिली तर शांतपणे एवढंच म्हण, ‘हे मला लेखी द्या.’ आणि तिथे मोबाइल काढून व्हिडिओ करायला जाऊ नकोस. मूळ विषय बाजूला राहतो आणि भलताच तमाशा सुरू होतो.

बँक बहुधा मधला मार्ग काढेल. ‘खास बाब म्हणून निम्मे परत करतो’ असा फोन येईल. पैसे जमा केले तर करू देत, पण ‘माझी तक्रार पूर्णपणे निवारली’ अशा कागदावर 2,974 हातात पडेपर्यंत सही करू नकोस. ओटीपी देऊन तक्रार बंद करायला सांगितलं तर तेही नको. मुळात बँकेचा कर्मचारी ओटीपी मागत नसतो.

तक्रार दिल्यापासून 30 दिवस वाट बघ. तुझी तक्रार पूर्ण किंवा अंशतः नाकारायची झाली तर मोठ्या बँकांना ती आधी स्वतःच्या अंतर्गत लोकपालाकडे (तक्रारी तपासायला बँकेनेच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवावी लागते, त्यासाठी तुला वेगळं काही करावं लागत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. 12 नोव्हेंबर 2021 पासून देशभरासाठी ही एकच एकात्मिक योजना आहे. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर भरता येते, नाहीतर कागदावर लिहून चंदीगडच्या सेक्टर 17 मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते. फी नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तिथे ती दाखलच होत नाही, म्हणून त्या पोचेसाठी मी एवढी मागे लागले आहे. आणि महिना उलटला की लगेच जा, रेंगाळू नकोस.

तुझ्या बाबांच्या पतसंस्थेला हे लागू नाही, हे त्यांना सांग. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करायची असते.

या खात्याचं पुढे काय करायचं तेही ठरव. पैसे परत मिळेपर्यंत ते बंद करू नकोस. बंद खात्याचं रिव्हर्सल म्हणजे निष्कारण खेटे. पण मोबाइल नंबर आजच बदलून घे, आणि कुठल्या विम्याचा वा म्युच्युअल फंडाचा हप्ता अजून या खात्याला जोडलेला आहे का ते तपास. असा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर बँकेचं ‘नॅच रिटर्न’चं (आपोआप कापला जाणारा हप्ता न वटल्याचं) शुल्क वेगळं लागतं आणि वर सांगितलेला नियम तिथे कामाला येत नाही. नंतर खातं ठेवायचंच असेल तर ते बेसिक बचत खात्यात बदलून मागता येतं, त्याला मिनिमम बॅलन्सची अट नसते. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. सगळ्याच बँका दंड लावतात असंही नाही. स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये सगळ्या बचत खात्यांची ही अट काढून टाकली, कॅनरा बँकेने जून 2025 पासून. नवीन खातं उघडताना हे आधी विचारत जा.

सोमवारी आणि पगाराच्या तारखांना शाखेत पाय ठेवायला जागा नसते. बुधवारी किंवा गुरुवारी अकराच्या सुमारास जा आणि थेट शाखाधिकाऱ्यांना भेट. दोन्ही अर्जांचे मसुदे आज रात्री मला व्हॉट्सॲपवर पाठव, आकडे आणि तारखा मी एकदा पडताळून देते.

तुझी,
मावशी