नॅरोगेजचं इंजिन, लेगोचे रूळ : वाचकांचे प्रश्न

मोटरवर चालणाऱ्या लेगो आगगाड्यांबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं आणि खानदेशातून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गाडी निघाली : पीजे, म्हणजे पाचोरा–जामनेर. त्यामुळे या वेळचं सदर फक्त नॅरोगेजच्या इंजिनाला.

पीजेचं डिझेल इंजिन लेगोत करतोय. आठ स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) रुंद, सगळा आकार फोटोवरून घेतला. तरी रुळावर ठेवलं की ते ब्रॉडगेजचंच वाटतं. काय राहिलं?
– वाचक, पाचोरा

आकार बरोबर असेल, माप चुकलंय. नॅरोगेजमध्ये माप डब्यावरून नाही, रुळावरून काढायचं. पीजेचा गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, होता ७६२ मिमी, अडीच फूट. लेगोच्या नेहमीच्या रुळांतलं अंतर ३७.५ मिमी. भागाकार करा, २०.३ येतो. म्हणजे तुमचं इंजिन १:२० च्या आसपास हवं. त्याच रुळावर ब्रॉडगेज (१६७६ मिमी) चालवायची तर माप जवळपास १:४५ येतं. तुम्ही आठ स्टड घेतलेत ते या दुसऱ्या मापाला शोभणारे, म्हणून डोळ्याला ब्रॉडगेज दिसते.

एक स्टड ८ मिमीचा. १:२० ला तो खऱ्या इंजिनाचे साधारण १६ सेंमी व्यापतो, म्हणजे खऱ्यातल्या एका मीटरला सहा स्टड. दोन मीटर रुंदीचं इंजिन बारा स्टडांचं होतं. उंचीला वेगळा हिशोब : वीट ९.६ मिमी, प्लेट ३.२ मिमी, म्हणजे एका मीटरला पाच विटांहून किंचित जास्त. नॅरोगेजची सगळी गंमत अंग मोठं आणि पाय जवळजवळ यातच आहे. रूळ अरुंद, त्यावर दोन्ही बाजूंना लोंबणारी बॉडी. ती लोंबली नाही तर बाकी तपशील कितीही भरा, उपयोग नाही.

पूर्ण बारा स्टड जड वाटले तर दहा करा, पण लांबीही त्याच प्रमाणात कापा. रुंदी कापून लांबी तशीच ठेवली की इंजिन शेवयासारखं दिसतं.

मोटर कोणती, गिअर कोणते, आणि गाडी खेळण्यासारखी सुसाट न पळता खऱ्यासारखी कशी चालेल? तयार ट्रेन मोटर घालू का?
– वाचक, भुसावळ

तयार ट्रेन मोटर बसवायला सोपी, पण या मापाला दोन अडचणी. तिची चाकं जेमतेम १८ मिमीची, १:२० ला ती खऱ्यातली ३६ सेंमीची होतात. एवढ्या मोठ्या बॉडीखाली ती दिसतच नाहीत. शिवाय गिअर बदलता येत नाही, गाडी वेगाकडे झुकलेलीच राहते. म्हणून आपली बोगी आपण बांधावी. (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, खालची चार चाकांची चौकट.)

वेगाचा हिशोब आधी करा. मोठं लेगो रेल्वेचाक सुमारे ३० मिमी व्यासाचं, एका फेऱ्यात ९४ मिमी जातं. पॉवर फंक्शन्स या लेगोच्या जुन्या मोटर-व्यवस्थेतली एल मोटर ९ व्होल्टला मोकळी मिनिटाला सुमारे ३९० फेरे मारते. १२ दात्यांच्या गिअरने २० दात्यांचा फिरवला तर चाकाला मिनिटाला २३४ फेरे मिळतात. सेकंदाला ३६७ मिमी, आणि २०.३ ने गुणलं की ताशी २७ किमीच्या आत-बाहेर. ओझं लागलं की त्याहून कमी. नॅरोगेजला हाच वेग शोभतो. गिअर न लावता थेट जोडली तर ताशी ४४-४५ पर्यंत जाते आणि सुरुवातीला धक्का मारते.

आता मांडणी. दोन आस, मध्ये आठ स्टडांचं अंतर. दोन्ही आसांच्या मधोमध, त्याच उंचीवर, एक लांब दांडा गाडीच्या दिशेने ठेवा. मोटर त्या दांड्याच्या वर, समांतर, बरोबर दोन स्टड उंच. १२ आणि २० दात्यांचे दुहेरी बेव्हल गिअर (तिरक्या कडांचे, काटकोनातही जुळणारे) दोन स्टडांवर नेमके जुळतात (१२ अधिक २०, भागिले २, म्हणजे १६ मिमी). मोटरवर १२, दांड्यावर २०. दांड्याच्या दोन्ही टोकांना १२ दात्यांचे बेव्हल, आणि प्रत्येक आसावर तसाच एकेक. एका चालत्या बोगीला एकूण १२ दात्यांचे पाच, २० दात्यांचा एक, मोठी चाकं चार, आस दोन. बुश (आसावर सरकवायच्या छोट्या कड्या) मात्र मोजून मागवू नका, मूठभर जास्तच असू द्या.

इथे हमखास फसतं ते असं. एका आसाचं गिअर दांड्याच्या डावीकडे असेल तर दुसऱ्याचं उजवीकडे हवं. दिसायला नीटनेटकं म्हणून दोन्ही एकाच बाजूला घेतलीत की चाकं एकमेकांविरुद्ध फिरतात. मोटर गुणगुणते, गाडी जागची हलत नाही, आणि माणूस सेल बदलत बसतो. चाकं चढवण्याआधी दांडा बोटाने फिरवून दोन्ही आसांची दिशा बघून घ्या.

दुसरी खोड : बेव्हल कट-कट वाजतो. दाते निसटतायत. गिअर चांगला असतो, ढिली असते ती आसाला धरणारी चौकट. आस गिअरच्या दोन्ही अंगांनी धरलेला हवा आणि चौकटीला वरून आडवी बीम हवी.

मोटर बॉडीत उभी ठेवून बोगीच्या मध्यातून दांडा खाली उतरवायची मांडणीही बरेच जण करतात. बॉडीत जागा वाचते, पण ओझं लागलं की तो उभा दांडा बोगीलाच पिळतो. मग गाडी डाव्या वळणावर शहाणी आणि उजव्या वळणावर उतरणारी होते, किंवा उलट. तीच मांडणी हवी असेल तर वेग कमी करणारे गिअर वर न ठेवता खाली बोगीत ठेवा. उभ्या दांड्यात जोर कमी राहतो, पीळही कमी बसतो. आमचं मत मात्र मोटर बोगीतच असावी, बोगी ज्याभोवती वळते त्या खुंट्याजवळून फक्त वायर जावी. वायरला बोटभर ढील ठेवा.

दोन-तीन डब्यांसाठी एकच बोगी चालती पुरे. दोन्ही चालवायच्या असतील तर लक्षात घ्या, सारखीच बोगी उलटी फिरवून लावली की ती उलटीच चालते. पॉवर्ड अप (लेगोची मोबाईलवरून चालणारी नवी मोटर-व्यवस्था) असेल तर ॲपमध्ये एका पोर्टची दिशा उलटवा, नाहीतर त्या बोगीत दोन्ही आसांच्या गिअरच्या बाजू अदलाबदल करा.

सरळ रुळावर छान चालते. वळण आलं की मागचा डबा उतरतो, आणि इंजिन फलाटाला घासतं ते वेगळंच. रूळ वाईट आहेत का?
– वाचक, चाळीसगाव

रूळ ठीक आहेत, वळण तुमच्या इंजिनाला फार तीव्र आहे. लेगोचं नेहमीचं वळण ४० स्टड त्रिज्येचं, ३२० मिमी. सोळा तुकड्यांत पूर्ण गोल होतो. १:२० ला ते खऱ्यातलं साडेसहा मीटरचं वळण झालं. पीजेवर असं वळण कुठेच नव्हतं.

धरा इंजिन ४० स्टड लांब, दोन बोग्यांच्या खुंट्यांमध्ये २० स्टड. या वळणावर बॉडीचा मधला भाग १० मिमी आत सरकतो आणि दोन्ही टोकं ३० मिमी बाहेर जातात. हुक बॉडीच्या टोकाला असेल तर तोही ३० मिमी बाहेर जातो आणि डब्याला ओढून पाडतो. हुक बॉडीवरून काढा, बोगीच्या चौकटीला जोडा. बहुतेक वेळा एवढ्यावरच डबा उतरायचा थांबतो.

फलाटाचं सांगायचं तर, बॉडी दहा स्टड रुंद म्हणजे मध्यापासून ४० मिमी. वळणाच्या आतल्या अंगाला त्यात १० मिमी वाढवा, म्हणजे ५० मिमीच्या आत काही नको. बाहेरच्या अंगाला ७० मिमी मोकळे. टोक निमुळतं केलंत तर थोडं कमी चालेल. फलाट सरळ रुळावर ठेवणं सगळ्यात बरं.

जागा असेल तर इतर उत्पादकांची मोठ्या त्रिज्येची वळणं मिळतात. ७२ स्टडांच्या वळणावर टोक ३० ऐवजी १७ मिमी बाहेर जातं, १०४ स्टडांच्या वळणावर साडेअकरा. फरक बघताक्षणी कळतो. आणि डावं वळण संपताच उजवं सुरू करू नका, मध्ये निदान एक सरळ तुकडा टाका.

डिझेल नको, वाफेचं इंजिन करायचंय. झेडबी वर्गाची २-६-२ मांडणी (पुढे दोन छोटी, मध्ये सहा मोठी, मागे दोन छोटी चाकं) घेतलीय. चाकांना बाहेरून जोडणारे दांडे लावले की चाकं अडकतात.
– शिक्षिका, जामनेर

प्रथम पिना बघा. काळ्या पिना मुद्दाम घट्ट असतात. दांड्यांना सैल फिरणाऱ्या, करड्या किंवा फिकट पिवळसर पिना लावा. अर्ध्याअधिक तक्रारी इथेच संपतात.

नंतर चाकांचा कोन. दांडा जोडायची डावीकडची खुंटी वर असताना उजवीकडची आडवी हवी, म्हणजे ९० अंशांचा फरक, आणि तो तिन्ही आसांवर एकाच दिशेने. लेगोचा आस अधिकच्या चिन्हासारखा असल्याने कोन आपोआप नेमका बसतो. पण चारपैकी चुकीच्या घरातही तो तितकाच नेमका बसतो! मोटर सोडवून इंजिन टेबलावर ढकला. दर फेऱ्याला एकाच जागी अडखळत असेल तर एक चाक चुकीच्या घरात आहे. सतत जड जात असेल तर पिना.

तीन आसांत पाच-पाच स्टडांचं अंतर धरलं तर पहिला ते तिसरा आस ८० मिमी. ४० स्टडांच्या वळणावर मधलं चाक अडीच मिमी बाजूला जायला बघतं, रुळात तेवढी सैल नसते. म्हणून मधली जोडी बिनकडेची घ्या. मोटरने एकच आस फिरवा आणि बाकी दोन दांड्यांवर सोडा, किंवा तिन्ही आस गिअरने फिरवा आणि दांडे शोभेला ठेवा. दोन्ही एकदम केलंत तर गिअरची ढील आणि दांड्यांची ढील भांडत राहतात.

पुढच्या-मागच्या छोट्या चाकांवर इंजिनाचं वजन येऊ देऊ नका. वर-खाली व्हायला एका प्लेटीपेक्षा थोडी कमी मोकळीक द्या. वजन त्यांच्यावर गेलं की मोठी चाकं जागेवर गरगरतात.

सेल साधे की चार्जेबल?
– वाचक, शिरपूर

चार्जेबल. पॉवर्ड अपच्या हबमध्ये (सेल बसतात आणि मोटर जोडतात त्या डब्यात) सहा ट्रिपल ए सेल लागतात. साधे नवे असताना ९ व्होल्ट देतात, चार्जेबल ७.२, म्हणून कमाल वेग थोडा उतरतो. पण ओझ्याखाली साध्या सेलांचा दाब लवकर घसरतो, चार्जेबलचा बराच वेळ टिकतो, आणि संथ चालणाऱ्या इंजिनाला तेच हवं. हब चालत्या बोगीच्या वर ठेवा. सहा सेलांचं ७० ग्रॅमच्या आसपास वजन चाकांची पकड वाढवतं. सेल काढायला छप्पर चार स्टडांवरच अडकलेलं ठेवा, नाहीतर दर वेळी अर्धं इंजिन मोडाल.

मे महिन्यातल्या उन्हाने ठोकळे वाकतात का? आणि आसांना कोणतं तेल घालावं?
– वाचक, धुळे

घरातल्या पंचेचाळीस अंशांना ठोकळ्यांचं काही होत नाही. बंद गाडीत, काचेखाली उन्हात मात्र ठेवू नका. थेट उन्हाने पांढरे आणि करडे ठोकळे पिवळे पडतात. चाकांवरचे रबर कोरडे पडून तडकतात, तेव्हा दोन-चार जास्तीचे जवळ असू द्या. इंजिन महिनाभर चालणार नसेल तर सेल काढून ठेवा, उन्हाळ्यात साधे सेल पाझरतात.

शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा अजिबात नको. अशा तेलांनी ताणाखालचं प्लास्टिक तडकू शकतं, आणि आपल्याकडची धूळ त्यात चिकटून लगदा होतो तो वेगळा. लागलंच तर सिलिकॉनचा एक थेंब, काडीच्या टोकाने, फक्त आस चौकटीतून जातो तिथे. पण तेलाआधी आस उपसून बघा. गाडी जमिनीवर चालत असेल तर बुशच्या मागे केस आणि कापसाचे तंतू गुंडाळलेले सापडतील. चिमट्याने ते ओढून काढले की बहुधा तेलाची गरज उरत नाही.