‘ऐच्छिक’ लिहिलेले अडीच हजार

ताई, माझी मोठी मुलगी अनुदानित शाळेत आहे. यंदा नववीतून दहावीत जाईल. १ मेला निकाल घ्यायला गेले तर वर्गाच्या बाई म्हणाल्या, आधी कार्यालयात ‘विकास निधी’चे २,५०० रुपये भरा, मग निकालपत्रक मिळेल. सूचनेच्या कागदावर खाली बारीक अक्षरात ‘ऐच्छिक’ असं छापलंय. धाकट्याला त्याच शाळेत पाचवीला घालायचंय, त्याच्यासाठी ५,००० देणगी सांगितली आहे. मिस्टर अंबडला कंत्राटावर कामाला आहेत, मी घरी पिको-फॉल करते. एका साडीचे ८० रुपये मिळतात. दहावीची पुस्तकं, वह्या, खेळाचा वेगळा गणवेश हे पुढे आहेच. नाही म्हटलं तर मुलीला वर्गात बोलतील, अशी भीती वाटते. काय करू?
– एक आई, सातपूर

तुमचं पत्र वाचून मी कागदावर हिशेब मांडला. २,५०० रुपयांना ३१ साड्यासुद्धा पुरत नाहीत. दोन्ही मुलांचे मिळून ९४ साड्या, आणि दोरा-वीज वेगळी. एवढं काम करून तुम्ही जे देणार, ते कशासाठी मागतात हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मी २९ वर्षं एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. पावतीपुस्तक माझ्याच हातात असे. एका मे महिन्यात भद्रकालीत भाजी विकणारे एक गृहस्थ मुलाचा निकाल घ्यायला आले. वरून निरोप होता, पावती दाखवील त्यालाच निकाल द्यायचा. त्यांनी पिशवीतून नोटा काढल्या. कोथिंबिरीच्या पाण्याने ओल्या होऊन त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मी एकेक सोडवून मोजल्या आणि पावती फाडली. ते म्हणाले, ‘बाई, मला वाचता येत नाही, काय लिहिलंय?’ मी वाचून दाखवलं, ‘स्वेच्छा देणगी’. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे?’ मला उत्तर देता आलं नाही. निकालपत्रक त्यांच्यापुढे सरकवलं आणि पुढच्या पालकांना हाक मारली. त्या पावतीवरचं अक्षर माझं होतं. ते मी विसरलेले नाही, म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते. जी रक्कम दिली नाही तर मुलीचा निकाल अडतो, ती ऐच्छिक नाही, कागदावर काहीही छापलेलं असो.

आता धाकट्याचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे पहिली ते आठवीच्या प्रवेशाच्या वेळी जाहीर केलेल्या फीखेरीज देणगी, वर्गणी, काहीही घेता येत नाही. घेतली तर रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. त्या ५,००० ना सरळ नाही म्हणा.

मोठीला तो कायदा लागू होत नाही, तो आठवीपर्यंतच. पण महाराष्ट्राचा १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे. प्रवेशासाठी किंवा वरच्या वर्गात घालण्यासाठी मंजूर फीपेक्षा जास्त पैसे घ्यायला त्यात मनाई आहे. शिवाय अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी माफ आहे. सत्र शुल्कासारख्या किरकोळ रकमा वेगळ्या, त्या मात्र भरा.

शाळेत जाऊन वाद घालू नका. एका पानावर मुख्याध्यापकांना अर्ज लिहा: ‘विकास निधी ऐच्छिक असल्याचे सूचनेत म्हटले आहे. तो देणे मला शक्य नाही. कृपया मुलीचे निकालपत्रक द्यावे.’ बस, एवढंच. दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घालून पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. कार्यालयाच्या खिडकीआड बसून मी पाहिलंय, पोच मागितली की निकालपत्रक बहुतेक वेळा त्याच दिवशी हातात पडतं. नाहीच पडलं, तर पोच जोडून जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे तक्रार द्या.

मुलीला बोलतील, ही भीती खोटी नाही. आमच्याकडे कार्यालयात आवाज चढवून जाणाऱ्या पालकांची मुलं वर्गात बोलणी खायची. लेखी विचारणाऱ्यांच्या मुलांना कोणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. तरी एकट्या जाऊ नका. त्याच वर्गातल्या तीन-चार आया मिळून जा. ज्यांना २,५०० जड जातात अशा तुम्ही एकट्याच नसणार.

शाळेची अडचणही मला ठाऊक आहे. पगार शासन देतं, पण खडू, वीजबिल, मुताऱ्यांची सफाई, तुटलेले बाक यांसाठीचं वेतनेतर अनुदान तोकडं असतं आणि उशिरा येतं. शिपाईमामा निवृत्त झाले की ती जागा तशीच राहते. पैसे लागतात, हे खरंच आहे. मग पालक-शिक्षक संघाच्या सभेत मांडा ना: छताला इतके, बाकांना इतके, ज्याला जमेल त्याने द्या. अशा मागणीला लोक ५० रुपयेसुद्धा मनापासून देतात. तुमची घडी बसली की तुम्हीही द्या, आणि पावती घ्या.

पुस्तकांचं म्हणाल तर धाकट्याला अनुदानित शाळेत आठवीपर्यंत ती मोफतच मिळतील. मोठीसाठी यंदा दहावी झालेल्या ओळखीच्या मुलीकडे आत्ताच शब्द टाका, फक्त पुस्तक बदललेलं नाही ना एवढं पाहून घ्या. खेळाचा गणवेश शाळेच्याच दुकानातून कशाला? रंग विचारून घ्या. शिवण्याचं मशीन तुमच्या घरात आहे.

ताई, आम्ही मखमलाबादहून नाशिकरोडला राहायला आलो. मुलगा सातवीत जाईल. सहलीचे १,२०० रुपये बाकी आहेत म्हणून जुनी शाळा दाखला देत नाही. नवी शाळा म्हणते, दाखला आणा.
– एक पालक, नाशिकरोड

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये दोन्ही शाळांना उत्तर आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. आणि दाखला यायला उशीर झाला, म्हणून नव्या शाळेला, ती सरकारी किंवा अनुदानित असेल तर, प्रवेश नाकारता येत नाही. उद्याच जन्मदाखला आणि मागच्या वर्षीचं निकालपत्रक घेऊन नव्या शाळेत जा, प्रवेशाचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाखला नवी शाळासुद्धा मागवू शकते. मुलगा सहलीला गेला असेल तर ते १,२०० मात्र द्या, दोन हप्त्यांत दिले तरी चालतील. त्यासाठी त्याचं वर्ष अडवू देऊ नका.