तांदूळ मिळतो हो, खरा प्रश्न कालवणाचा आहे

तुमचा प्रश्न असा: माहेर-सासर दोन्ही महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, बेळगावात भाड्याची खोली, मुलगा तिसरीत आणि मुलगी चार वर्षांची. रेशन कार्ड गावाकडचं, त्यामुळे सगळं धान्य विकत. वीस तारीख उलटली की किराणा वहीवर लिहून आणावा लागतो. स्वस्त किंवा फुकट अन्न कुठे मिळेल, आणि असं मागायला गेलं तर लोक काय म्हणतील?

लोक काय म्हणतील ते सोडा. ज्याला तुम्ही मागणं म्हणताय त्यातलं निम्मं तुमच्या नावानं आधीच मंजूर झालेलं आहे. ते उचलायचं राहिलंय, एवढंच.

मी वडगावात राहते. आमच्या घरात माग होते, त्यामुळे आठवड्याचा बटवडा, म्हणजे आठवड्याला हातात पडणारी मजुरी, आणि त्यावर चालणारं घर काय असतं ते मला सांगायला नको. माझं स्पष्ट मत आहे, गरीब घरात भात कमी पडत नाही, भातावर घालायला कमी पडतं. तांदूळ सरकार देतं. डाळ, तेल, भाजी, अंडं आपल्यालाच बघावं लागतं. म्हणून तांदळावरचा खर्च शून्यावर आणायचा आणि सुटलेला रुपया न रुपया कालवणावर लावायचा.

आधी कार्डाचं. कार्ड महाराष्ट्राचं असलं तरी ते अन्न सुरक्षा योजनेतलं असेल तर 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत बेळगावच्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. कार्डाशी आधार जोडलेलं हवं आणि मशीनवर अंगठा उठला पाहिजे. माणशी 5 किलो, आणि 2023 च्या जानेवारीपासून ते पूर्ण फुकट. चौघांचे 20 किलो, म्हणजे दिवसाला साडेसहाशे ग्रॅमच्या वर धान्य. सासूसासरे त्याच कार्डावर असतील तरी अडत नाही. त्यांचा वाटा ते चंदगडला उचलतील, तुमचा तुम्ही इथं उचला. फक्त सासऱ्यांना फोन करून ठेवा, नाहीतर गावातला दुकानदार सगळ्यांचं धान्य एकाच अंगठ्यावर काढून मोकळा होतो आणि इथल्या मशीनवर तुमच्या नावापुढे शिल्लक शून्य दिसतं. इथला दुकानदार 'बाहेरचं कार्ड चालत नाही' म्हणाला तर भांडत बसू नका. नंबर तरी टाकून बघा म्हणा. तरीही नाही म्हणाला तर त्याच्यासमोरच 1967 या रेशनच्या तक्रार नंबरला फोन लावा. कन्नड येत नसेल तर शेजारच्या एखाद्या मुलाला बरोबर न्या. मराठी कळतं बहुतेकांना, पण कागदाची भाषा आणि तोंडाची भाषा इथं वेगळी आहे हे तुम्हाला मी काय सांगू.

कर्नाटकाचं कार्ड काढायचं का, हा पुढचा प्रश्न. इथलं बीपीएल कार्ड असलं की अन्नभाग्य योजनेतला राज्याचा जादा धान्याचा वाटा मिळतो. शिवाय घरातल्या कर्त्या बाईच्या नावावर गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये येतात. राज्याच्या वाट्यात मध्यंतरी तांदळाऐवजी पैसे आले, मग पुन्हा तांदूळ आला, नंतर डाळ-तेल-साखर-मिठाचं किट द्यायचं ठरलं. या महिन्यात काय आलंय ते दुकानाच्या फळ्यावर बघायचं. पण या कार्डाला वर्षाचं उत्पन्न 1 लाख 20 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि गावाकडच्या कार्डातून नावं कमी केल्याचा दाखलाही. इथंच लोक फसतात. गावाकडे नाव कमी करून येतात आणि इथं नवीन अर्ज घेणं बंद असतं. मग दोन्हीकडून हात रिकामे. बेळगाव वन केंद्रात आधी अर्ज चालू आहेत का विचारा, उत्पन्नाचा दाखला बसतो का बघा, आणि मगच चंदगडला हात लावा. बसत नसेल तर आहे ते कार्ड सोडू नका.

बसचंही असंच. कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसला तिकीट नाही, पण कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. आधारवर चंदगडचा पत्ता असेल तर कंडक्टर तिकीट फाडणारच. भाडेकरार असेल तर आधारचा पत्ता बदलून घ्या. बाजाराला जायला-यायला पैसे पडत नसतील तरच लांबचा स्वस्त बाजार खरोखर स्वस्त पडतो.

आता रेशनच्या तांदळाबद्दल दोन गोष्टी. त्यात शंभरात एखादा दाणा वेगळा दिसतो, जरा पिवळट, धुताना वर तरंगणारा. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बायका तो वेचून टाकतात. तो प्लास्टिकचा नसतो. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून केलेला दाणा असतो तो. टाकू नका, आणि तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळून धुऊ नका. दुसरं म्हणजे, गल्लीत पोतं घेऊन 'रेशनचा तांदूळ द्या' म्हणत फिरणारे येतात. त्यांना विकणं गुन्हा तर आहेच, शिवाय त्या भावात विकून त्याच आठवड्यात दुकानातून दुप्पट-तिप्पट भावानं सोनामसुरी आणणारी घरं मी बघते आणि कपाळावर हात मारते. भाताला नको वाटत असेल तर आंबोळीला वापरा. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या, रात्री वाटून ठेवायचं. पोरांचा सकाळचा नाश्ता आणि डबा दोन्ही सुटतं. दळून भाकरीही होते, उकड काढून घेतली तर थापताना मोडत नाही.

आता कालवणाकडे. तूरडाळीच्या मागे लागू नका. आपल्या भागात भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. येळ्ळूर, हलगा, बसवण कुडची या शिवारातला तो गावठी मसूर दाण्यानं बारीक असतो, पण त्याची आमटी दाट होते. सुगी झाली की शेतकऱ्याकडून थेट घ्यायचा. आम्ही गल्लीतल्या चार घरांनी मिळून पोतं घेतो, वाटून घेतो, कडक उन्हात दोन दिवस घालतो आणि कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरतो. शेतकरी ओळखीचा नसेल तर रविवार पेठेतल्या घाऊक दुकानात चार घरांचं एकत्र माप घ्या. एकटीनं पाव-पाव किलो कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं तर महिन्याचा फरक केवढा पडतो ते एकदा वहीत लिहून बघा. बटवड्यावर जगणाऱ्या घराचं नुकसान इथंच होतं. हातात थोडे पैसे असतात म्हणून पुड्या आणायच्या, आणि पुडीतलं तेल सगळ्यात महाग.

मसुरानंतर हुलगे. चंदगडच्या बाईला हुलगे शिकवायला नकोत, पण शहरात आल्यावर पोरींना त्याची लाज वाटायला लागते. एका शिजवण्यात दोन पदार्थ होतात. रात्री भिजत घालायचे, सकाळी भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे. वरचं पाणी गाळून घेऊन त्याला ठेचलेला लसूण, जिरं, दोन सोलं आणि लाल मिरचीची फोडणी द्यायची, ते झालं कळण, भातावर. खाली राहिलेल्या दाण्यांची कांदा घालून उसळ, ती भाकरीबरोबर. फोडणीला दोन्ही मिळून दोन चमचे तेल पुरतं. कुठल्या हॉटेलात एवढं पौष्टिक ताट मिळतंय सांगा.

आणि गावाकडून येताना पिशवी रिकामी आणू नका. तुमच्याकडे नाचणा होतो, रताळी होतात. सासूबाई पाचशे रुपये देऊ लागल्या तर 'पैसे नको, नाचणा द्या' म्हणा. सकाळी ताकातली अंबील पोटात गेली की नवरा दहा वाजता कॅन्टीनच्या वड्याकडे वळत नाही.

भाजीला सकाळी कधीच जाऊ नका. सकाळचा भाव कडक असतो. संध्याकाळी दिवेलागणीला जा. खेड्यातून आलेल्या बायकांना शेवटची बस गाठायची असते. "घ्या की ओ मावशी, दहाला दोन वाटे" असं त्याच म्हणतात, आपल्याला घासाघीस करावी लागत नाही. मी तर अशा बाईशी एका रुपयासाठी वाद घालूच नये असं म्हणते, तिचंही घर आपल्यासारखंच. नवलकोल घेतलात तर पाला तोडू देऊ नका, गड्ड्यापेक्षा पाल्याची भाजी जास्त होते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे देठ हेही पिशवीत घाला. शेवग्याचं झाड कुठल्या तरी परसात असतंच. शेंगा मागितल्या तर लोक तोंड वाकडं करतात, पण पाला हवा तेवढा न्या म्हणतात. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, तांदळी, घोळ फुकटात मिळतं, फक्त गटाराकाठचं आणि नुकतं औषध मारलेल्या बांधावरचं घेऊ नका. खानापूरच्या बाजूला अळंबी निघतात, त्या मात्र ओळखणाऱ्या माणसाशिवाय हातातही घ्यायच्या नाहीत.

मुलांचं. धाकटीला अंगणवाडीत घाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथं गरम जेवण आहे, आणि पत्ता कुठला, कार्ड कुठलं यावरून मुलाला परत पाठवत नाहीत. मोठा कुठल्या शाळेत जातो ते तुम्ही लिहिलं नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, मग ती मराठी का असेना, तर दुपारचं जेवण, दूध आणि अंडं मिळतं. अंडं खात नसेल तर केळं. खासगी इंग्रजी शाळेत असेल तर फी सोडाच, रोजचा डबाही तुमच्याच अंगावर. पोरगं कुठल्या शाळेत घालावं हे मी कोण सांगणार, पण खर्च मांडताना तो डबा धरत जा.

नवऱ्याला लांबच्या पाळीला जावं लागलं, किंवा तुम्हीही कामाला लागलात, तर इंदिरा कॅन्टीन आहे. पाच रुपयांत नाश्ता, दहा रुपयांत जेवण. कार्ड विचारत नाहीत, जात-भाषा विचारत नाहीत, कूपन घ्यायचं आणि रांगेत उभं राहायचं. उशिरा गेलं की भांडी घासताना दिसतात, तेव्हा वेळेवर जा. रोज जेवावं असं नाही, सांबार पातळ असतं. पण घरात गॅस संपलाय आणि पगाराला चार दिवस आहेत, अशा वेळी चाळीस रुपयांत चौघं जेवतात.

महाप्रसादाला जायला लाज कसली? श्रावणात, गणपतीत, दत्तजयंतीला, हनुमान जयंतीला, गावोगावच्या पारायणांना पंगती उठतात. लिंगायत मठांत तर दासोह ही रीतच आहे, येईल त्याला जेवू घालायचं. पोरांना घेऊन जा, पोटभर जेवा, जमलं तर चार पत्रावळ्या उचला किंवा वाढायला उभ्या राहा. वाढणाऱ्या बाईकडे कोणी वेगळ्या नजरेनं बघत नाही. पण यावर महिन्याचा हिशोब बसवू नका. पंगत सणाला असते, भूक रोजची.

उलट, याच देवधर्मानं घरं बुडतात तेही सांगते. आपल्या भागातल्या लक्ष्मी यात्रा तुम्हाला माहीत आहेत. बऱ्याच वर्षांनी येते, घरटी शे-दोनशे पाहुणे, मटणाचं जेवण, वर आहेर. त्यासाठी आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज काढणारी घरं मी बघितलीत, आणि मग वर्षभर त्या हप्त्यापायी पोरांच्या ताटातली डाळ पातळ होत जाते. गावात यात्रा ठरली तर दिरांबरोबर एकच चूल मांडा आणि पाहुणे मोजून बोलवा. सासरचे चार दिवस फुगतील, फुगू देत.

वहीवरचं जे राहिलंय ते एकदम फेडायला जाऊ नका. दुकानदाराला सांगा, जुनं थोडं थोडं देते, नवीन लिहू नका. पहिल्या महिन्यात रेशनचा तांदूळ आला की जे पैसे वाचतील त्यातले अर्धे तिकडे आणि अर्ध्याची डाळ-तेल, एवढं करून बघा.

खोली वडगाव, खासबाग, शहापूर या बाजूला असेल तर खाली लिहा. मसुराचं पोतं घेताना पाचवं घर म्हणून तुम्हाला धरते. भाव कमी असतो तो सुगीनंतर लगेच, तेव्हा पैसे आधी थोडे बाजूला काढून ठेवावे लागतील.